तार बसवल्यानंतर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रबाळ्याला मी १९८४ साली आलो. तेव्हा इथं रेल्वे नव्हती. ठाणे-बेलापूर रस्त्यावर बसमधून उतरायचं आणि पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून एमआयडीसीत चालत जायचं. एका रासायनिक कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. तापमान, दाब, प्रवाह मोजणारी उपकरणं बसवायची, ती खरं बोलतात की नाही ते तपासायचं, आणि खोटं बोलू लागली की पुन्हा जुळवायची, हे माझं काम. तीस वर्षं ते केलं. उपकरण बसवणं वेगळं आणि जुळवणं वेगळं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही २०१५ साली माझ्या पत्नीच्या मेंदूत तार बसवली, तेव्हा नेमकी हीच गोष्ट मी विसरलो.

ज्या वर्षी ठाण्याहून वाशीकडे लोकल सुरू झाली त्या २००४ साली हिच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला. निदान झालं पार्किन्सन्सचं, म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांच्या भाषेत कंपवाताचं. पहिली सात-आठ वर्षं गोळ्यांनी उत्तम काढली. गावठाणातल्या भजनी मंडळात ती पेटी वाजवायची, गायचीही. पुढे गोळीचा अंमल कमी कमी टिकू लागला. गोळी चढली की अंग नको तितकं हलायचं, उतरली की लाकूड व्हायचं. दिवसातले चांगले तास मोजायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी डीबीएसचं नाव काढलं. डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन. मेंदूत खोलवर दोन्ही बाजूंना एकेक बारीक तार सोडायची, ती कातडीखालून मानेतून छातीपर्यंत आणायची आणि तिथं पेसमेकरसारख्या डबीला जोडायची. त्या डबीतून मेंदूच्या एका ठिपक्याला अखंड वीज मिळत राहते.

शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याच दिवशी ही वॉर्डात ताठ चालली. हात स्थिर, चेहरा हसरा. घरी आल्यावर मी इमारतीत पेढे वाटले. दहा-बारा दिवसांत सगळं पूर्वपदावर आलं. हात थरथरू लागला, पाय जमिनीला चिकटू लागले. मी घाबरून रुग्णालयात फोन केला, की यंत्र बंद पडलं बहुतेक. पलीकडची डॉक्टर शांतपणे म्हणाली, "काका, यंत्र आपण अजून सुरूच केलेलं नाही."

तार आत जाताना त्या जागेला किंचित इजा होते, थोडी सूज येते, आणि त्या सुजेमुळेच काही दिवस रोग दबतो. सूज उतरली की तो परत येतो. म्हणूनच बहुतेक ठिकाणी यंत्र सुरू करायला दोन ते चार आठवडे थांबतात. हे आम्हाला आधी सांगितलं होतं का? सांगितलं असेलही. ऑपरेशनच्या धास्तीत माणसाच्या कानात काही शिरत नाही.

पेढे फुकट गेले खरे, पण त्या फोननंतर मी या यंत्राचा इतिहास शोधू लागलो. निवृत्त माणसाकडे वेळ असतो. आणि त्या इतिहासात मला जे सापडलं ते माझ्या धंद्यातलंच निघालं.

लंडनच्या जेम्स पार्किन्सननं या रोगाचं वर्णन १८१७ साली लिहिलं. त्यानंतर दीडशे वर्षं खात्रीचं औषध नव्हतं. आपल्याकडे वैद्य खाजकुइलीचं बी देत, आणि त्या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ साली वेगळं काढलं होतं. पण तेच द्रव्य कंपवातावरचं प्रभावी औषध म्हणून जगानं स्वीकारलं ते १९६० च्या दशकात. तोवर शल्यविशारदांच्या हाती एकच मार्ग होता. मेंदूतला एखादा बिंदू नेमका हेरायचा आणि जाळून टाकायचा. तो हेरण्यासाठी डोक्याला बसवायची धातूची चौकट १९४७ साली फिलाडेल्फियात स्पीगेल आणि वायसिस यांनी माणसावर प्रथम वापरली. १९५२ साली न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग कूपर यांच्या हातून शस्त्रक्रियेत एक रक्तवाहिनी चुकून दुखावली, ती बांधून टाकावी लागली, आणि रुग्ण जागा झाला तेव्हा त्याचा कंप गेलेला होता. अपघातातून मिळालेल्या अशा धाग्यांवर हे शास्त्र पुढे सरकत होतं.

जाळण्याची अडचण एकच, पण फार मोठी. जाळलेलं परत येत नाही. एका बाजूला जाळलं तर बहुतेकांचं निभावायचं. दोन्ही बाजूंना जाळलं तर कंप जायचा, पण अनेकांची वाचाही जायची. बोबडी वळायची, गिळताना ठसका लागायचा. पुढे लेव्होडोपा आलं आणि या शस्त्रक्रिया मागे पडल्या. त्या गोळ्यांचेही दुष्परिणाम दिसू लागले तेव्हा डॉक्टर पुन्हा मेंदूकडे वळले.

१९८७ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल या गावी अलीं-लुई बेनाबीद हे शल्यविशारद असंच एक जाळण्याचं ऑपरेशन करत होते. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे पाहायला सुईतून थोडी वीज सोडून बघण्याची पद्धत होती. हळू ठोक्यांची वीज दिली की कंपाला फरक पडत नसे, कधी तो वाढेही. बेनाबीद यांनी ठोके वाढवत नेले. सेकंदाला शंभराच्या आसपास गेल्यावर हात एकदम थांबला. वीज बंद केली, कंप परत. सुरू केली, पुन्हा शांत. जलद ठोक्यांचा हा गुण पूर्वीही काही शल्यविशारदांच्या नजरेला आला होता. पण त्यांच्या लेखी तो जागेचा पुरावा होता आणि खरा उपचार जाळणं हाच. बेनाबीद आणि त्यांचे सहकारी पोलाक यांनी प्रश्न उलटा केला: मग जाळायचं कशाला? एका बाजूला आधीच जाळून घेतलेल्या रुग्णांच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी तार ठेवून दिली. त्याच वर्षीच्या त्यांच्या पहिल्या शोधनिबंधाच्या नावातच जाळणं आणि वीज अशी दोन्हींची जोडी आहे. दोन्हीकडे जाळलं तर माणूस मुका होईल, या भीतीतून हे यंत्र आलं. हे मी वाचलं तेव्हा पुढे आमच्या घरात हीच भीती वेगळ्या वाटेनं येणार आहे हे ठाऊक नव्हतं.

विजेनं काम होतं हे कळलं, तशी तारेची जागा बदलली. १९९० च्या दशकात बेनाबीद यांचाच चमू सबथॅलमिक न्यूक्लियस नावाच्या, मसुराच्या दाण्याहून फार मोठ्या नसलेल्या केंद्रापर्यंत पोचला. त्यानं कंपाबरोबर ताठरपणा आणि मंदपणाही कमी होऊ लागला. अमेरिकेत कंपासाठी १९९७ साली आणि पार्किन्सन्सच्या इतर लक्षणांसाठी २००२ साली परवानगी मिळाली. भारत मागे नव्हता. मद्रासच्या डॉ. टी. एस. कनका या आपल्या पहिल्या महिला न्यूरोसर्जननं मेंदूत कायमच्या तारा ठेवण्याचे प्रयोग त्याआधीच केले होते. आणि मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस पार्किन्सन्ससाठी डीबीएस सुरू केलं.

पण मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. जाळण्याच्या काळात ऑपरेशन संपलं की उपचार संपत असे. विजेच्या काळात ऑपरेशन संपलं की उपचार सुरू होतो. कर्तबगारीचा अर्धा भाग शल्यविशारदाच्या हातातून निघून बाह्यरुग्ण विभागातल्या एका खुर्चीकडे गेला. त्या खुर्चीवर जो बसतो त्याच्याबद्दल कुणी लेख लिहीत नाही.

त्या खुर्चीसमोर हिला पहिल्यांदा नेलं तो दिवस सांगतो. आदल्या संध्याकाळपासून गोळी बंद. पहाटे रबाळ्याहून लोकलनं ठाणं आणि तिथून मुंबई, हे त्या अवस्थेत अशक्य, म्हणून टॅक्सी केली. डॉक्टर तरुण मुलगी होती. हिच्या छातीवरच्या डबीशी बोलणारं यंत्र तिच्या हातात. आमच्या तारेच्या टोकाला चार धातूची कडी होती, प्रत्येक कडं दीड मिलिमीटर लांब. कुठल्या कड्यातून वीज द्यायची, किती जोराची, किती रुंदीचा ठोका, सेकंदाला किती ठोके, हे सगळं बाहेरून ठरवता येतं. ठोक्याची रुंदी साधारण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या साठपट, आणि ठोके सेकंदाला १३०. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, त्याच्या अडीचपट म्हणा. दोन्ही बाजूंचे मेळ धरले तर शक्यता हजारोंच्या घरात जातात.

त्या मुलीनं एकेक कडं घेतलं आणि जोर थोडा थोडा वाढवत नेला. डाव्या हातानं हिचं मनगट वाकवून बघत होती. ताठरपणा काही सेकंदांत सैल होतो, म्हणून मनगट. कंप त्याच्या पाठोपाठ. चालणं सुधारायला मात्र तास लागतात, कधी दिवस. एका जागी हिच्या बोटांत मुंग्या आल्या. एका जागी ओठाचा कोपरा ओढला गेला. एका कड्यावर एकाचे दोन दिसू लागले. प्रत्येक वेळी मुलगी कागदावर आकडा लिही. वीज शेजारच्या कुठल्या तंतूंपर्यंत सांडते आहे ते या त्रासांवरून कळतं. मुंग्या म्हणजे एका दिशेला सांडली, ओढ म्हणजे दुसऱ्या. मी चकित होऊन बघत होतो. कारखान्यात आम्ही लूप जुळवताना नेमकं हेच करायचो. एका वेळी एकच खुंटी पिळायची, परिणाम दिसेपर्यंत हात आवरायचा, आणि लिहून ठेवायचं. नवखा टेक्निशियन घाई करतो, आणि संध्याकाळपर्यंत सगळा प्लांट हेलकावे खात असतो.

घाई मीच केली. दर भेटीत विचारायचो, अजून थोडं वाढवता येईल का? चौथ्या महिन्यात हिचं चालणं इतकं सुधारलं की ती एकटी स्टेशनपर्यंत जाऊन यायची. गोळ्या निम्म्यावर आल्या होत्या. आणि त्याच सुमाराला शेजारीण म्हणाली, "वहिनी बोलतात ते हल्ली कळत नाही हो."

खरं होतं. रोज ऐकणाऱ्या कानाला ते हळूहळू झालेलं जाणवत नाही. जीभ जड झाली होती. भजनात ती नुसती बसू लागली होती, आणि मला वाटत होतं देवाचं ऐकते आहे. शिवाय ती गप्प गप्प असायची. माहेरचा फोन आला तरी घेत नसे. गोळ्या भराभर कमी केल्या तर काहींची उमेदच विझते, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. मन हा या देखभालीतला दुर्लक्षित भाग आहे. डीबीएसनंतर नैराश्य येऊन आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णाची हकीगत डॉ. दोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ सालीच वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. आपल्या कामाची अवघड बाजू स्वतःहून छापायला धैर्य लागतं. घरच्यांनी मात्र हात थांबला की समाधान मानायचं ठरवलेलं असतं. मीही त्यातलाच.

मग आम्ही वही घातली. दर अर्ध्या तासाला एक खूण: चांगलं, अडकलेलं, जास्त हलणारं, झोप. असा तक्ता अमेरिकेत २००० साली तयार झाला आणि तेव्हापासून जगभर वापरतात. मला तो मुंबईत २००१ साली डॉ. बी. एस. सिंघल यांनी स्थापन केलेल्या पार्किन्सन्स सोसायटीच्या एका मेळाव्यात मिळाला. त्यात मी माझा एक रकाना वाढवला: आवाज. रोज सकाळी हरिपाठाचा एक अभंग म्हणायला लावायचा आणि दहापैकी गुण द्यायचे. गुण द्यायला शेजारीण, मी नाही.

वहीतून जे दिसलं ते असं. जोर वाढवला की पाय सुटतो आणि जीभ अडते. जोर उतरवला की जीभ सुटते आणि पाय अडतो. वर्षभर आम्ही या दोन टोकांमध्ये हेलपाटे घातले. कडं बदलून पाहिलं, ठोके ६० वर आणून पाहिले. काहींना ठोके कमी केल्यानं चालायला मदत होते, हिचा कंप परत आला. शेवटी डॉक्टर मुलगीच म्हणाली, "काकू, दोन्ही एकदम मिळणार नाही. तुम्हीच सांगा काय हवं." असा प्रश्न हिला आयुष्यात कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. ही म्हणाली, "गुरुवारी आवाज द्या. बाकी दिवस पाय."

आणि ते शक्य होतं. हिच्या यंत्रात एकापेक्षा जास्त जुळण्या साठवता येतात आणि घरच्या रिमोटनं त्यातली एक निवडता येते. जुन्या यंत्रांत हे नव्हतं. पहिल्या पिढीच्या डब्यांत लोहचुंबकानं चालणारा खटका असे, आणि फ्रिजच्या दाराच्या चुंबकाजवळ गेलं तरी यंत्र बंद पडल्याच्या नोंदी आहेत. भाजी काढायला वाकलेली बाई तिथंच गोठायची.

चुंबकाचं भय आता कमी झालं, पण रबाळ्यासारख्या ठिकाणी भय दाराबाहेर उभं असतं. इथं गल्लीगल्लीत फॅब्रिकेशनची दुकानं आहेत. यंत्राच्या पुस्तिकेत आर्क वेल्डिंग आणि इंडक्शन भट्टीपासून दूर राहायला सांगितलेलं असतं. आम्ही रस्ता बदलून जातो. पण खरा धोका भलत्याच बाजूनं आला. २०१८ साली हिचा गुडघा धरला. जवळच्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेलो. भली बाई होती. म्हणाली, "मशीनचा शेक देऊ, आठवड्यात आराम पडेल." हिला टेबलावर झोपवलं, गादी गुडघ्याला लावली आणि ती खटक्याकडे वळली. तेवढ्यात मी फी काढायला पाकीट उघडलं आणि यंत्राचं कार्ड दिसलं.

हा शेक म्हणजे डायथर्मी. तिच्या लहरी अंगातल्या तारेतून थेट मेंदूपर्यंत पोचून तारेच्या टोकाशी भाजतात. अमेरिकेत एका डीबीएस झालेल्या रुग्णाला दात काढल्यावर जबड्याला असा शेक दिला आणि त्याच्या मेंदूला कायमची गंभीर इजा झाली. ती हकीगत २००१ साली प्रसिद्ध झाली, कंपनीनं जगभर इशारा काढला. शेक गुडघ्याला द्या नाहीतर पाठीला, मनाईच. त्या बाईला यातलं काही माहीत नव्हतं. कसं असणार? अशा रुग्णाशी तिची कधी गाठच पडली नसेल. मला मात्र माहीत होतं, आणि मी विसरलो होतो. त्या दिवसापासून हिच्या पर्सवर लाल अक्षरांची मराठी चिठ्ठी शिवलेली आहे.

२०२० च्या एप्रिलमध्ये रिमोटवर सूचना आली, की बॅटरी बदलायची वेळ जवळ आली. हिची बॅटरी रिचार्ज न होणारी, चार-पाच वर्षं चालणारी. लोकल बंद, टाळेबंदी, रुग्णालयात ठरवून करायची ऑपरेशनं थांबलेली. बॅटरी एकाएकी संपली तर अनेक वर्षं विजेवर चाललेलं शरीर काही वेळातच आखडतं, गोळ्याही पुरत नाहीत. डॉक्टरांनी फोनवर मार्ग काढला. त्यांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत रिमोटनं जोर कमी करता येतो. रोज एक पायरी उतरवायची, म्हणजे बॅटरी थोडी जास्त पुरेल. आयुष्यभर मी पाचशे अंशांवरच्या भट्ट्यांचे नॉब फिरवले, पण त्या रात्री बटणावरचं माझं बोट हिच्या हातापेक्षा जास्त थरथरत होतं. सात आठवडे असे काढले. वाटी धरता येईना, कूस बदलता येईना, पण आवाज स्वच्छ होता. अंथरुणात पडल्या पडल्या गायची. जूनमध्ये पास मिळवून ऐरोलीच्या पुलावरून गाडीनं गेलो आणि नवी डबी बसली. छातीवरचं छोटं काम असतं ते, तारा जुन्याच राहतात. जुन्या जुळण्या रुग्णालयाच्या नोंदीत होत्याच, तरी मी वही घेऊन गेलो, आणि त्यांनी ती पडताळूनही पाहिली. रिचार्ज होणारी बॅटरी घेता का, असं विचारलं होतं. ही म्हणाली, "मोबाईल चार्ज करायला विसरते मी, छाती कुठली लक्षात राहते?"

पुढच्याच वर्षी अमेरिकेत एका कंपनीच्या यंत्राला दुरून, इंटरनेटवरून जुळवण्याची परवानगी मिळाली. चीनमध्ये ते आधीच चालू होतं. आणि २०२५ च्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत मेंदूच्याच लहरी वाचून आपला जोर आपणच कमीजास्त करणाऱ्या यंत्राला मान्यता मिळाली. ही बातमी वाचून मला हसू आलं. आमच्या कारखान्यात मी आलो तेव्हाच तापमान बघून वाफ आपोआप कमीजास्त करणारे लूप होते. मेंदूपर्यंत ते पोचायला इतकी वर्षं लागली, कारण काय मोजायचं हेच ठाऊक नव्हतं. तरी त्या यंत्रालाही कुणीतरी सुरुवातीच्या मर्यादा घालून द्याव्या लागतातच.

आमची डबी जुन्या पद्धतीची आहे. गुरुवारी भजनाच्या अर्धा तास आधी मी रिमोटवर दुसरी जुळणी लावतो. जीभ लवकर सैल होते, पाय सावकाश जड होत जातात, त्यामुळे येताना काठी आणि माझा हात. मागच्या गुरुवारी देवळातून निघताना मी पहिली जुळणी लावली, तरी उंबऱ्याशी तिचा पाय चिकटलाच. मागे बायकांची रांग थांबली. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, चला की." ही जागची न हलता, खणखणीत आवाजात म्हणाली, "थांबा गं, आमच्या ह्यांचं खुंटी पिळणं चाललंय अजून."